पोदेरावर लक्ष ठेवा

दहशतवादाशी लढायचं ना? मग सुरुवात घराच्या फाटकापासून करा. पहाटे सायकलवरून पों पों करत पाव विकायला येणाऱ्या आपल्या गोव्याच्या पोदेराकडे कधी नीट पाहिलंय? भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आत काय ते कळायला मार्ग नाही. दोनदा पों, मग थांबून एकदा. खूण नसेल कशावरून? शिवाय हल्लीचा पोदेर कोकणीही मोडकीतोडकी बोलतो. उंडे घ्या, पण नंबर टिपून ठेवा. (सायकलला नंबर नसतो. हेही संशयास्पदच.)

2009 साली दिवाळीच्या आदल्या रात्री, गावोगाव नरकासुर उभे असताना, मडगावात स्कूटरवरचा बॉम्ब फुटला आणि दोघे गेले. तो बॉम्ब काही पोदेराच्या टोपलीतून आला नव्हता, असं कोणी म्हणालं तर विषय बदला. खटल्यातले सहा आरोपी 2013 मध्ये निर्दोष सुटले. अशा वेळी तपास कच्चा होता का, असं विचारायचं नाही. कायदाच कच्चा आहे म्हणायचं आणि आणखी कडक मागायचा.

कडक कायद्यांना आपल्याकडे तोटा नाही. टाडा झाला, पोटा झाला, आता यूएपीए आहे. आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडी, आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामिनाचं नाव नको. 2019 पासून तर संघटनाही लागत नाही. एकट्यादुकट्याला सरकार खटल्याआधीच दहशतवादी ठरवू शकतं. केवढी वेळेची बचत!

पणजीत 18 जून रस्त्यावर चवथीच्या खरेदीला जाल तेव्हा पोरं विचारतील, रस्त्याला तारखेचं नाव का? आइस्क्रीम घेऊन द्या. 1946 साली त्या दिवशी राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले, हे सांगत बसू नका. तेव्हा पोर्तुगीज राजवटीत सभेला परवानगी लागायची, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे जायची. इतकी चोख व्यवस्था, आणि आपले आजोबा मुक्ती मागत आग्वादच्या कोठडीत जाऊन बसले!

तर पोदेराबद्दल ठाण्यावर कळवून टाका. दोन-चार दिवस पाव आला नाही तर बिस्किटांवर भागवा. नंतर दुसरा कोणी येईल, तसाच भोंगा वाजवत. त्याचं प्लास्टिक आधी उचलून बघा.