खुलासा : ‘गुडघे झिजलेत? व्यायाम बंद करा’ हा सल्ला उलटा आहे

‘साठीनंतर व्यायामाने गुडघ्याची वाटी झिजते, पूर्ण आराम करा’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आरामाने मांडीचे स्नायू रोडावतात, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं.

व्यायामासाठी हात असलेली, चाकं नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, फरशीवर सरकते. नुसते मोजे घालूनही नको. पाठ टेकून बसा, एक पाय सरळ करा, चवडा स्वतःकडे ओढा, 5 आकडे मोजून सावकाश खाली. प्रत्येक पायाने 8 ते 10 वेळा. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. रोखला की रक्तदाब चढतो.

उठबस करताना आधी खुर्चीच्या कडेला सरका, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे वाकून उठा. बसताना धपकन बसणं ही नेहमीची चूक. सुरुवातीला 5 वेळा पुरे, हातांचा आधार घेतला तरी चालेल.

थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं किंवा सूज असेल तर संख्या निम्मी करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा, डॉक्टरांना कळवा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी विचारूनच सुरू करावं.