‘नाही सर’ म्हणून उठा सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या चार ग्रुपांवर एकच मेसेज फिरला. ‘खान्देशच्या पोरांनो, मुलाखतीत शेवटी काही विचारायचंय का म्हणाले, की नाही सर म्हणून उठा.’ कारणं चार. तो प्रश्न नुसता शिष्टाचार असतो. विचारणारा आगाऊ वाटतो. पगार किंवा बाँड (ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) काढला की नोकरी गेली, आणि बाँड तसाही कोर्टात टिकत नाही. शिवाय रेल्वेत लागलेल्या भुसावळच्या पोरांनी कुठे काय विचारलं होतं? जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात अकरा वर्षं मुलाखती घेतोय, म्हणून लिहितो.

रेल्वेचं आधी उरकू. केंद्र सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. मग विचारणार कुणाला?

आता ‘शिष्टाचार’. काही ठिकाणी असतो, खोटं कशाला बोलू? ठेकेदाराच्या रांगेत गेटवर नाव लिहून घेतात, तिथे कुणी विचारतही नाही आणि ऐकतही नाही. पण समोर खुर्ची दिली असेल, तर तेवढीच दोन मिनिटं तुमची असतात. तोवर आम्ही विचारलेलं सगळं तुम्ही पाठ करून आलेले असता.

आगाऊपणाबद्दल एक प्रसंग सांगतो. चोपड्याकडचा एक डिप्लोमावाला पोरगा आला होता. मार्क बेताचे, शर्टाला इस्त्री नाही. शेवटी म्हणाला, “साहेब, रात्रपाळीत लाइट गेली तर बॅरलमधलं पीव्हीसी काढायला किती जण असतात?” आमचे प्रॉडक्शनवाले खुर्चीत सरळ झाले. गरम बॅरलमध्ये, म्हणजे पाइपच्या मशीनच्या नळीत, पीव्हीसी थांबून राहिलं की जळतं, आम्लाचा धूर सुटतो, स्क्रू खराब होतो आणि लाइन परत चालू करता करता पाळी संपते. त्याच आठवड्यात आमच्याकडे हे झालं होतं आणि चूक कुणाची यावरून भांडण चालू होतं. त्याने अप्रेंटिस असताना ते काम हाताने केलं होतं, हे त्या एका वाक्यात कळलं. आगाऊ कुणालाच वाटला नाही. घेतला.

त्याच दिवशी दुसऱ्याने विचारलं, “सर, कंपनीचं व्हिजन काय?” आमचे मालक रावेरच्या केळीवाल्याचे चिरंजीव. ते म्हणाले, “व्हिजन? उधारी वसूल होऊ दे पहिले.” पोरगा पुढे काहीच बोलू शकला नाही, कारण ज्या व्हिडिओतून प्रश्न पाठ केला होता, तो तिथेच संपला होता. असा प्रश्न विचारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, एवढं मी त्या मेसेजला देऊन टाकतो.

पगार आणि बाँडचा मुद्दा मात्र घातक आहे. समजा ‘सीटीसी महिना साधारण सव्वासतरा हजार’ असं सांगितलं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. त्यात मूळ पगार १५,००० असेल, तर मालकाच्या वाट्याचे १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० आणि ३.२५ टक्के ईएसआय (कामगार विमा) म्हणजे ४८८ रुपये त्यातच धरलेले असतात. तुमच्या वाट्याचे १,८०० पीएफ, ११३ ईएसआय आणि २०० व्यवसाय कर कापला, की हातात १२,८८७. धुळ्याहून येऊन खोली करून राहणाऱ्याने हे पहिल्या पगाराच्या दिवशी समजून घ्यायचं का? “हातात किती येतील?” हे अपमानाचं वाक्य नाही. फक्त खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारू नका, कामाचं बोलणं होऊ द्या.

आणि बाँड टिकत नाही हे कुणी सांगितलं? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. म्हणजे प्रत्येक बाँड टिकेल असं नाही, पण ‘कोण विचारतो’ म्हणून सही ठोकायचे दिवस नाहीत. मी ठोकली होती. पहिल्या नोकरीला पुण्याला निघालो तेव्हा आईने बजावलं होतं, “साहेबले जास्ती इचारू नको, भाऊ.” नाही विचारलं. मूळ मार्कशीट कंपनीच्या कपाटात गेली आणि वडील आजारी पडले तेव्हा ती सुटायला सात महिने लागले. आईचं काय चुकलं? तिने साहेब फक्त तलाठी कार्यालयात पाहिले होते.

प्रश्न आणायचे कुठून, हे मेसेजमध्ये नाहीच. गुगलवर कंपनीचा इतिहास मिळतो, तिसऱ्या पाळीचा मिळत नाही. माझ्या भाच्याची परवा नरडाण्याला मुलाखत आहे. त्याला म्हटलं, आधी एखाद्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बस, दोन चहा पी, कान उघडे ठेव. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. “मामा, कंपनीची बस आठवड्यातनं दोनदा येतच नाही म्हणे. हे विचारू का?”

विचार म्हटलं. पण आधी मशीनचं विचार.