थेंबे थेंबे धाकधूक

विजेच्या वस्तूला ओल्या हाताने शिवू नये, ही शिकवण ज्याला लहानपणी धपाट्यांसह मिळाली, त्याच माणसाने पुढे जाणत्या वयात स्वतःच्या संगणकात स्वखुशीने पाणी खेळवावे, याला काय म्हणावे हे घरच्यांनी मला सांगितलेले आहे. ते शब्द मात्र छापण्याजोगे नाहीत.

प्रोसेसरवर वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून फिरणाऱ्या पाण्याने उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा, बसवून मी थांबलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण शेजारच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला बेताची वीज पुरवणारा भाग) आणि खालच्या चिपसेटलाही (इतर भागांशी देवाणघेवाण सांभाळणारी चिप) गारवा मिळावा, असा कळवळा मला आला. वास्तविक त्यांची काहीच तक्रार नव्हती. व्हीआरएममधले मॉस्फेट, म्हणजे विजेची उघडझाप करणारे चिमुकले स्विच, १०० अंश सेल्सिअसलाही निमूटपणे काम करतात. इतकी सोशिकता माझ्या अंगी असती, तर मी पंख्यावरच समाधान मानले असते.

मूळच्या हीटसिंकचे, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांचे, स्क्रू मदरबोर्डच्या पाठीमागून असतात, हे मला सगळ्या तारा जोडून झाल्यावर कळले. मदरबोर्ड बाहेर काढला. त्यानंतर थर्मल पॅडचे, म्हणजे चिप आणि ब्लॉक यांच्यामधली फट भरून उष्णता पोहोचवणाऱ्या मऊ पट्ट्यांचे, प्रकरण सुरू झाले. हे पॅड ०.५, १ आणि १.५ मिलिमीटर अशा जाडीचे मिळतात आणि डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. पातळ पॅड लावला तर ब्लॉक मॉस्फेटला टेकत नाही, जाड लावला तर ब्लॉक नीट बसत नाही आणि स्क्रू आवळताना बोर्ड वाकू लागतो. शिवाय प्रत्येक पॅडच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म असते, जी नखाला सापडत नाही आणि सापडली की बोटाला सोडत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे असतात. तेही मी एखादे व्रत असल्यासारखे केले.

मग गळतीची परीक्षा. मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवायचा असतो. त्यासाठी पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या जोडणीतली हिरवी तार कागदाच्या क्लिपने एका काळ्या तारेला जोडावी लागते. शुद्ध डिस्टिल्ड वॉटर विजेचे फारसे वहन करत नाही, हे खरे. पण धूळ आणि धातूंचे क्षार मिसळले की त्याची ही सात्त्विकता टिकत नाही. म्हणून प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर अंथरून मी रात्रभर टॉर्च घेऊन बसलो. नळीतले बुडबुडे घालवायला कॅबिनेट इकडे कलंडव, तिकडे कलंडव, असे तान्ह्या बाळाला ढेकर काढायला लावतात तसे चालले होते. पहाटे तीनच्या सुमारास चिपसेटजवळच्या कागदावर एक ओला ठिपका दिसला आणि माझ्याच छातीत पंप सुरू झाला. कागद बदलला, पुन्हा वाकून पाहिले, पुन्हा ठिपका. तिसऱ्या खेपेस तो माझ्या कपाळावरून पडताना मी प्रत्यक्ष पाहिला.

सकाळी संगणक सुरू झाला. प्रोसेसर गार, व्हीआरएम गार. चिपसेट मात्र पूर्वी पंख्याच्या वाऱ्यावर होता त्याहून २० अंश गरम! सॉफ्टवेअर खोटे बोलत असावे, असे मी बराच वेळ मानून पाहिले. अखेर टेबलावरचा पसारा आवरताना काढून टाकलेल्या फिल्म सहज मोजल्या. पॅड चार लावले होते. फिल्म सात भरल्या. पुन्हा मोजल्या, टेबलाखाली शोधले, चपलेच्या तळव्यालाही पाहिले, सातच.

मी संगणक बंद केला आणि पाणी काढायला बादली आणण्यासाठी उठलो.