किड्याने खाल्लेले पान

आज दुपारी भाच्याच्या बालवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फोटो आला. भिंतीवर ओळीने लावलेली कागदी पाने, वर मोठ्या अक्षरांत ‘आमची पानगळ’ आणि खाली पालकांनी पाठवलेल्या टाळ्या. सगळी पाने नारिंगी, सगळी एकाच छापाची. त्यांतले आमच्या घरचे कोणते, हे मला खाली लिहिलेल्या नावावरून शोधावे लागले. संध्याकाळी त्याचे दप्तर रिकामे करताना तळाशी चार घड्या घातलेला आणखी एक कागद निघाला. त्यावर तेच छापील पान होते. पण ते देठाच्या बाजूला हिरवे आणि कडेला पिवळे-तपकिरी रंगवलेले होते आणि मधोमध पेन्सिल खुपसून पाडलेले एक भोक होते. मी विचारले तेव्हा साहेब म्हणाले, “आत्या, ते खराब झालं म्हणून बाईंनी नवीन दिलं. पण किड्याने खाल्लंय ना ते, मग भोक नको का?”

चार वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न ऐकल्यापासून माझे डोके तापलेले आहे, म्हणून आजची पोस्ट लांबणार आहे.

त्या ‘खराब’ कागदात काय काय होते, ते पाहा. पान कधीच एकदम रंग बदलत नाही, हे त्याने पाहिले होते. दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की पानातले हरितद्रव्य मोडत जाते आणि उन्हाळाभर त्याच्याआड झाकलेला पिवळा-नारिंगी रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच सुमारास नव्याने तयार होतो. यातले एक अक्षरही त्या मुलाला ठाऊक नाही आणि या वयात ते ठाऊक असण्याची गरजही नाही. तरीही अर्धे हिरवे, अर्धे पिवळे पान काढून त्याने हीच प्रक्रिया नेमकी टिपली होती. किड्याचे भोक तर निव्वळ निरीक्षण होते. ज्याने पान हातात धरून उजेडाकडे केले आहे, त्यालाच ते सुचते. ते सगळे आपण घडी घालून दप्तरात कोंबले आणि भिंतीवर लावले ते काय, तर रेषेबाहेर न गेलेला रंग!

पानगळ हा बालवर्गासाठी वर्षातला सर्वांत श्रीमंत काळ आहे, आणि त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. मुलांना एकेक पिशवी देऊन आवारात सोडावे आणि परत आल्यावर सगळा ढीग मधोमध ओतावा. त्यातली पाने कशी वेगळी करायची, हे बाईंनी सांगूच नये. कोणी रंगाने लावील, कोणी आकाराने. एखादी मुलगी ‘कुरकुरीत’ आणि ‘मऊ’ असे दोनच ढीग करील, आणि ते वर्गीकरणही तितकेच खरे असेल. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावताना दोन पाने जवळजवळ सारखी निघतात आणि मग जे भांडण होते, त्यात मोजमापाची सुरुवात असते. पातळ कागदाखाली पान पालथे ठेवून, म्हणजे शिरा वर येतील असे, खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवला की शिरांचे जाळे हळूहळू उमटू लागते. ते पाहताना मुलांचे चेहरे मी स्वतः पाहिले आहेत. आणि जिथे पाइनची झाडे आहेत, तिथे त्यांचा वाळलेला, उघडा शंकू पाण्यात टाकून ठेवावा. काही वेळाने त्याचे खवले मिटतात, बाहेर काढून वाळवला की पुन्हा उघडतात. असा प्रयोग असताना एखाद्या वर्गाला रंगीत कागदाची गरज का पडावी?

ही काही माझी विक्षिप्त कल्पना नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, असे जे नाव दिले, त्यातच बाग आहे, आणि मुलांसाठी खरी बाग हा त्याच्या कामाचा भाग होता. माँटेसरी पद्धतीच्या वर्गात पानांच्या आकारांचे लाकडी तुकडे असतात, मुले त्यांच्या कडेवरून बोट फिरवतात. पण पुढे तोच आकार खऱ्या पानांत शोधायचा असतो. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी तर आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडवली. एवढे सगळे होऊन गेल्यावर आपण कुठे पोहोचलो, तर छापील बाह्यरेषेपाशी.

इथे थोडे थांबते, कारण बाईंवर राग काढणे फार सोपे आहे. एकटी बाई, वर्गभर मुले, त्यांतले एक रडते आहे आणि एकाला शूला नेणारी मदतनीस अजून परत आलेली नाही, अशा वेळी सर्वांना एकच कागद वाटणे हाच शहाणपणा ठरतो, हे मला मान्य करावे लागेल. छापील आकारात रंग भरताना बोटांना वळण लागते, हेही खरे असेल. आमच्या बाई प्रेमळ आहेत. त्यांनी तो कागद फाडून टाकला नाही, नीट घडी घालून घरी पाठवला, आणि त्यांच्या मनात काही वेगळे असते तर तो टोपलीत गेला असता, असे मला आता लिहिता लिहिता वाटू लागले आहे.

मग ती भिंत कोणासाठी आहे? आपल्यासाठी आहे. आपल्याला रोज फोटो हवा असतो, त्यात आपले मूल इतरांच्या तोडीचे दिसायला हवे असते, आणि मातीने भरलेले हात घेऊन मूल घरी आले की आपणच तक्रार लिहितो. दुपारच्या त्या फोटोखाली टाळ्या कोणी पाठवल्या? माझ्या सख्ख्या भावाने पाठवल्या. भोक पडलेले पान भिंतीवर असते, तर ‘हे असे का?’ असा पहिला संदेश पालकांकडूनच आला असता आणि बाईंना हे पक्के ठाऊक आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कामात नीटनेटकेपणा शोधणाऱ्या मोठ्या माणसांची मला आज मनापासून चीड आली आहे, आणि ही माणसे माझ्याच घरात बसून चहा पीत आहेत.

मी काय करणार, तेही लिहून ठेवते. उद्या मीच भाच्याला सोडायला जाणार आहे आणि वर्ग भरण्यापूर्वी बाईंना भेटून, तो दुसरा कागदही भिंतीवर लावता येईल का, असे विचारणार आहे. खऱ्या पानांचा एक दिवस ठेवणार असाल, तर मदतीला मी येऊन बसेन, असेही सांगणार आहे. नुसते मत देऊन घरी येणे मला शोभणार नाही. फक्त एका आक्षेपाचे उत्तर माझ्याजवळ नाही. गेल्या वर्षी याच वर्गात खरी पाने आणली होती, त्या ढिगातून मुंग्या निघाल्या, एका मुलीला चावल्या आणि तेव्हापासून पाने आत आणणे बंद झाले, असे मला दुसऱ्या एका आईने सांगितले. तुमच्यापैकी ज्या बालवर्ग चालवतात, त्यांनी कृपया लिहावे: तुम्ही पाने आधी झटकून उन्हात पसरता, की सगळा खेळ बाहेर अंगणातच मांडता? उद्या सकाळी साडेआठपूर्वी उत्तर मिळाले, तर बाईंसमोर माझी बाजू जरा भक्कम होईल.