परदेशात फ्री म्युझिक शिक्षणाच्या मेसेजबद्दल खुलासा

नौपाडा, वाशीतल्या म्युझिक क्लासच्या ग्रुपवर फिरतंय ना, "परदेशात म्युझिक शिकायला १०० टक्के स्कॉलरशिप, ऑडिशन नाही, रजिस्ट्रेशनचे पैसे आजच भरा", ते चुकीचं आहे, प्लीज कोणीही पैसे पाठवू नका.

फ्री शिक्षण खरंच आहे पण ऑडिशनशिवाय नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या म्युझिक कॉलेजमध्ये १९२८ पासून अ‍ॅडमिशन मिळालेल्या प्रत्येकाची ट्यूशन फी माफ असते, मुलगा कुठल्याही देशाचा असो, पण सीट्स फारच थोड्या आणि शिकवतात वेस्टर्न क्लासिकल, शिवाय राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा, आणि तोच आईबाबांना जड जातो हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. अमेरिकेतल्याच येल युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूललाही ट्यूशन माफ आहे. जर्मनीत बऱ्याच सरकारी म्युझिक कॉलेजांत ट्यूशन फी नसते, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात.

अर्जाची फी असते, नाही असं नाही, पण ती कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरायची, कुणाच्या यूपीआय नंबरवर नाही. इतकी वर्षं रियाज करणाऱ्या पोरांच्या घरच्यांना असं फसवणं मला खरंच सहन होत नाही, म्हणून जिथे तो मेसेज आलाय तिथे हे पण टाका.