वाटी रिकामीच पाठवा

सोमवारी सकाळी पावणेसातला खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. हातात झाकण घातलेली स्टीलची वाटी. श्रावणी सोमवार, त्यात झाकलेली वाटी, म्हणजे खीरच. मी सवयीने "अहो, कशाला उगाच" म्हणत हात पुढे केला.

"मोजून घ्या," काकू म्हणाल्या. "अकरा आहेत."

एरवी मला 'अरे' म्हणणाऱ्या काकू 'घ्या'वर आल्या, तेव्हाच ओळखायला हवं होतं. झाकण उघडलं. आत अकरा अळ्या. गडद तपकिरी, जाडजूड, तब्येतीने उत्तम. माझ्याच.

मी बाल्कनीत भोकं पाडलेल्या ड्रममध्ये ओल्या कचऱ्याचं खत करतो. गुन्हा एवढाच.

"एक तर देवघराच्या वाटेवर होती. श्रावणात जीव मारायचा नाही म्हणून चिमट्याने उचलल्या. भाद्रपद असता तर चप्पल होती."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण घरी खत करणाऱ्या माणसाला गप्प बसता येत नाही, हा त्या खताचा खरा वास. "काकू, ही ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी. कचरा फस्त करते. हिची माशी चावत नाही, डंख मारत नाही."

"सोल्जर म्हणजे सैनिक ना? मग सीमेवर ठेवा. आमच्याकडे घुसखोरी नको."

"तसं नाही हो. पोट भरलं की तिचं खाणं सुटतं आणि कोष करायला ती कोरडी जागा शोधत निघते. म्हणजे तुमच्याकडे आल्या त्या जेवून आल्या."

"जेवून? आणि आमच्याकडे नुसत्या झोपायला?"

"हो."

"तसे एक आहेत आमच्या घरात. तेवढे पुरेत."

काका आतल्या जिन्यावर उभे असावेत, कारण खालून खाकरल्याचा आवाज आला.

चूक माझी होती, मान्य. ड्रम ओला झाला होता. नत्राच्या एका भागाला कर्बाचे तीसेक भाग मिळाले तर कुजणं सुखाने चालतं. भाजीची देठं आणि चहाचा चोथा नत्र पुरवतात, कर्ब येतो वाळक्या पानांतून. आता श्रावणात वाळकी पानं आणायची कुठून? फेब्रुवारीत आवारात ढीग असतात. तेव्हा मी दोन पोती मागितली होती. 'पानं ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे,' असं उत्तर मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी माळीबुवांनी ती मालमत्ता कोपऱ्यात पेटवून दिली. धूर घरोघरी गेला. तो वाटीत भरून परत करायला कोणी आलं नाही.

नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर अळीचा फोटो आला, भोवती लाल गोल. मग अंगठे, नाक धरलेले चेहरे, आणि 'लहान मुलं असतात इथे' हे ठरलेलं वाक्य. याच मंडळींच्या डब्यात कालचा वरणभात, डायपर आणि फुटका बल्ब एकाच पिशवीत गाठ मारून असतात. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवायचा नियम 2016 मध्येच आला. रोज सकाळी त्या गाठी सोडते ती कचरा न्यायला येणारी ताई, हाताने. पार्किंगमध्ये खताचं मशीनही आहे. ताडपत्रीखाली. त्यावर कोणाची तरी सायकल असते.

पुण्याचा कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं नाकाशी सोसला, पाण्यात सोसला. आम्हाला अकरा अळ्या सोसल्या नाहीत. हे ग्रुपवर लिहिलं आणि खोडलं. पुढच्या महिन्यात बाल्कनीच्या गळतीसाठी समितीकडेच जायचं आहे.

अळ्या ड्रममध्ये परत सोडल्या, वर सुताराकडून आणलेला भुसा घातला. वाटी घासून ओट्यावर ठेवली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून बायकोने साबुदाण्याचे लाडू करायला घेतले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"वाटी पाठवा. आणि आपल्यात पद्धत नसली, तरी रिकामीच पाठवा."