अंगणात कोंबड्या, ताटात नुसता भात

त्या मुलीची उंची मोजत होते तेव्हा पायात सारखी कोंबडी येत होती. एक नाही, सहा-सात. आईने दोनदा हाकलल्या, त्या परत आल्या.

आग्नेय आशियातल्या तिमोर-लेस्ते या छोट्या देशातला एर्मेरा जिल्हा, डोंगरातलं कॉफीचं गाव, २०१९चा पावसाळा. मी तिथे चौदा महिने पोषणाच्या कामावर होते. मुलगी सात वर्षांची, दुसरीतली. उंची १०६ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीइतकी. दिसायला अगदी हसरी, चुणचुणीत. शेजारून जाणाऱ्याला ती लहान आहे एवढंच वाटेल, खुजी राहिली आहे असं वाटणार नाही. कारण वर्गातली निम्मी मुलं तेवढीच होती.

मी आईला विचारलं, हिने शेवटचं अंडं कधी खाल्लं? ती बराच वेळ आठवत राहिली. कोंबडी खाल्ल्याचं आठवलं, आजोबांच्या विधीच्या वेळी. अंड्याचं काही आठवेना. अंडी खायची नसतात, उबवायची असतात, असं ती म्हणाली. आणि लगेच आतून आमच्यासाठी कॉफी घेऊन आली.

मी कुडाळची. माझ्या आजीकडेही हेच होतं. कोंबडी खुडूक बसली की सगळी अंडी तिच्याखाली. आम्हा पोरांना अंडं मिळायचं ते आजारी पडल्यावर. त्यामुळे त्या बाईला 'तुम्हाला पोषण कळत नाही' असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. तिचा हिशेब चुकीचा नव्हताच. दहा पिल्लं निघाली की त्यातली मोठी होणार दोन-तीन. मधेच मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आली तर अंगण एका आठवड्यात रिकामं. आणि कोंबडी म्हणजे घरातली रोकड: मयताला, लग्नाला, पाहुण्याला तीच कामी येते. ज्याची पिल्लं जगतच नाहीत, तो अंडं पोराच्या तोंडात घालेल कसा?

मला या पोस्टमध्ये एवढंच सांगायचं आहे. आपण पोषण म्हटलं की भाताच्या पातेल्याकडे बघतो. मी तिथून परत आले ती कोंबडीच्या खुराड्याकडे बघायला शिकून.

थोडी पार्श्वभूमी सांगते. हा देश म्हणजे तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि पश्चिमेला एक तुटलेला तुकडा. लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर. चारशेहून अधिक वर्षं पोर्तुगीज संबंध, मग १९७५ पासून इंडोनेशियाचा ताबा. १९९९च्या सार्वमतात लोकांनी स्वातंत्र्य निवडलं आणि त्याची शिक्षा म्हणून देश जाळला गेला, बहुतेक शाळांसकट. २००२ मध्ये स्वतंत्र झाला तो राखेतून. आपल्या गोव्याशी तर त्याचं जुनं नातं: १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. तिथे साबणाला 'सबाऊन' म्हणतात आणि बादलीला 'बाल्दे'. पहिल्या आठवड्यात हे ऐकलं तेव्हा मला एकदम घरचं वाटलं होतं.

२००९-१० मध्ये पाच वर्षांखालच्या ५८ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०२०च्या सर्वेक्षणात ४७ टक्के. कमी झालं, पण अजून जवळजवळ दर दुसरं मूल. जगातल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी हा एक. आणि हा देश पैशाने अगदी कफल्लकही नाही. २००५ साली त्यांनी तेलाच्या उत्पन्नातून निधी उभारला, त्यात सुमारे १८ अब्ज डॉलर आहेत. आता जुन्या विहिरी आटल्या आहेत, नवी भर तुटपुंजी, आणि खर्च चालूच. म्हणून मला घाई वाटते. हा पैसा रस्त्यांत आणि इमारतींत संपला, तर आज रांगणाऱ्या पोरांच्या वाट्याला काय येणार?

शाळेत जेवण आहे. मेरेंदा एश्कोलार म्हणतात. मी होते तेव्हा दर मुलामागे दिवसाला २५ सेंट, म्हणजे तेव्हाचे सतरा-अठरा रुपये. मी ज्या शाळेत जायचे तिथली स्वयंपाकीण (सगळे तिला 'माना' म्हणत, म्हणजे ताई) पहाटे लाकडं घेऊन यायची. पाणी खालच्या झऱ्यावरून. भात, वर पालेभाजी, कधी घेवडा. अंडं त्या पैशांत बसायचं नाही. आणि पैसे वेळेवर आले नाहीत की चूल थंड. शाळा सुरू होऊन कितीतरी आठवडे उलटले, तरी चूल पेटली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला भुकेचा हंगाम. जुना मका संपलेला, नवा उभा. नेमकी शाळाही याच काळात सुरू होते, आणि नेमके तेव्हाच पैसे कागदात अडकतात. मला अजून राग येतो.

त्यात वर्गातली भाषा वेगळी. घरी मांबाई, शाळेत तेतुम, पुढे पोर्तुगीज. उपाशी पोटी परकी भाषा शिकणं म्हणजे काय, ते तिसऱ्या तासाला डोकं टेकवून झोपलेली मुलं बघितली की कळतं.

पण उंची शाळेत खुंटत नाही, आधी खुंटते. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत. दुसरीतल्या मुलीला अंडं द्यायलाच हवं, तिची आज शिकण्याची ताकद त्यावर आहे. तिच्या धाकट्या भावाला मात्र ते सहाव्या महिन्यानंतर, मऊ कालवून, घरीच मिळायला हवं. म्हणून मी खुराड्याबद्दल बोलते.

मानमोडीची लस आहे. उष्णता सोसणारी, डोळ्यात एक थेंब, दर तीन-चार महिन्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने तिथे यावर काम झालं आहे. पिल्लं जगायला लागली की आईचा हिशेब आपोआप बदलतो. सगळी अंडी उबवायची गरज उरत नाही. मग मेरेंदाची अंडी गावातूनच विकत घ्या, शाळेचा पैसा त्याच आयांच्या हातात जाईल. बाहेरून आयात केलेल्या तांदळावर शाळा चालवण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ आहे.

आपण त्यांना शिकवायला जावं असं काही नाही. महाराष्ट्रात २०१९-२१च्या पाहणीत ३५ टक्के मुलं खुजी निघाली. २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं तेव्हा मला इतका आनंद झाला होता! २०२५ मध्ये त्याचा सरकारी पैसा थांबला.

निघायच्या आधी त्या घरी परत गेले होते. जाताना बाजारातून डझनभर अंडी नेली. मुलीने एक हातात घेतलं, कानाशी धरून हलवून पाहिलं आणि आईला विचारलं, यातून पिल्लू कधी येणार?